डाव्या खांद्याचा दस्ता

२००९ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि अबू धाबीजवळ मुसफ्फात एका सुतारकामाच्या वर्कशॉपवर हेड मेस्त्री होतो. बावीस वर्षं एकाच पत्र्याखाली काढली. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजींना कंटाळा आला म्हणून संपली, मला कंटाळा आला म्हणून नव्हे. पण लाकडातलं मला कळतं. इंजिनियर लोक ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन यायचे, मी ती टेबलावर उघडायचो आणि सांगायचो, साहेब, हे कागदावर होतं, लाकडात होत नाही. रागवायचे, जायचे आणि दोन दिवसांनी खोडून पुन्हा यायचे.

मंदी आमच्याकडे फोनवरून आली. दुबईच्या एका टॉवरच्या दरवाजांच्या चौकटी आम्ही कापत होतो. एका सकाळी फोन आला, थांबवा. थांबवलं. कापलेल्या चौकटी भिंतीला लावून ठेवल्या त्या तशाच राहिल्या, त्यांच्यावर वाळूचा थर बसला, कुणी न्यायला आलं नाही. साठ माणसांची अकरा झाली. कामगारांच्या कॅम्पातल्या आमच्या खोलीत आठ खाटा, त्यातल्या पाच रिकाम्या. मोकळ्या खाटांवर आम्ही कपडे वाळत घालायचो.

वर्कशॉपचा मालक केरळचा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण मला मेस्त्री म्हणायचा, एकेरीत कधी हाक मारली नाही. मार्च महिन्यात त्याने मला ऑफिसात बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं. तेव्हाच मला कळलं.

"मेस्त्री, आप का व्हिसा जून में खतम. काम आएगा तो मैं निकालेगा. काम नहीं तो कैसे निकालेगा? अठ्ठावन्न उमर है, ऊपर वाला पूछेगा."

"ऊपर वाला कौन? अल्ला?"

"अल्ला नहीं पूछता. पार्टनर पूछता है."

तो खोटं बोलत नव्हता. तरी मला राग आला. मला गावी जायचं नव्हतं असं नाही. सावंतवाडीजवळ माझं घर आहे, बायको आहे, चार आंब्याची झाडं आहेत. पण जायचं ते मी ठरवीन त्या दिवशी. मी चालत आलो होतो या देशात, कुणी आणून टाकलं नव्हतं. कुणी काढलं म्हणून मी जाणार नव्हतो. एवढीच गोष्ट होती.

मुलगा दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये ऑफिसात होता. मी हातोडी मारून त्याला इंजिनियर केला, तो खुर्चीवर बसतो. शुक्रवारी त्याच्याकडे जायचो. त्याच्याही ऑफिसातली अर्धी टेबलं रिकामी झाली होती आणि तो रोज जायचा तो टाय लावून, पण घाबरून.

"बाबा, आता बस झालं," तो म्हणाला. "गावी जा, आराम करा. मी आहे ना."

"तू किती दिवस आहेस ते आधी बघ."

सून स्वयंपाकघरात हसली. मुलगा हसला नाही. मी बोलायला नको होतं, पण बोललो.

काम आलं ते असं. एक म्हातारा अरब होता, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या मजलिशीचे, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीचे दरवाजे मी पूर्वी केले होते. सगळे त्याला बाबा म्हणायचे, मीही म्हणायचो, जरी तो माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनीच मोठा असेल. त्याचं हिंदी चांगलं होतं, लहानपणी मुंबईला वडिलांबरोबर खजूर घेऊन यायचा म्हणे. आमचं बोलणं सगळं हिंदीतच, पुढे काही मी मराठीत लिहिलंय. बाकी सगळ्यांची बांधकामं थांबली तेव्हा हा माणूस मुलासाठी नवं घर बांधत होता. चाळीसच्या वर दरवाजे. मालक रोज त्याला सलाम करायला जायचा.

एकदा मलाही घेऊन गेला. बाबाच्या उजव्या भुवईवर ताजी खूण होती, टाके घातल्याची. मी विचारलं. त्याने आतून एक बंदूक मागवली.

शिकारीची मोठी रायफल होती. चारशे सोळा म्हणत होता तिला. आफ्रिकेत रानरेडे मारायला. बाबा डावखुरा. जन्मभर उजव्या हाताच्या रायफली डाव्या खांद्याला लावून मारत आला, काडतूस भरायचा बोल्ट ओढायला हात वरून पलीकडे न्यायचा. त्या हलक्या होत्या, धक्का सोसायचा. मुलांनी म्हातारपणी हौस म्हणून बाहेरच्या देशातून डाव्या हाताची मागवून दिली होती. बोल्ट डाव्या अंगाला, बाबाच्या हाताशी. आणि ह्या बंदुकीने पहिल्याच दिवशी त्याच्या गालावर थप्पड मारली आणि वरच्या दुर्बिणीने भुवई फोडली. दोन गनवाल्यांना दाखवून झालं होतं. एकाने दुर्बीण पुढे सरकवली, दुसऱ्याने चाप हलका केला. थप्पड तशीच.

"जुलै में टांझानिया जाना है," बाबा म्हणाला. "और अब मैं आँख बंद करता हूँ. गोली छूटने से पहले." हे तो हळू म्हणाला. मालकाला ऐकू गेलं नाही, मला गेलं.

बंदूक मी हातात घेतली. बोल्ट आधीच काढून बाबाने कंदुऱ्याच्या, त्याच्या लांब पांढऱ्या झग्याच्या, खिशात टाकला होता. मी दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकायच्या लाकडाच्या, मागून एका डोळ्याने बघितलं, फळी सरळ आहे का बघतो तसं. दस्ता नळीच्या रेषेत नव्हता, शेपटीकडे किंचित उजवीकडे वळलेला. असाच करतात, गाल आणि बंदूक एकमेकांत येऊ नयेत म्हणून. पण तो उजव्या खांद्यासाठी. डाव्या खांद्याला लावला की तेच वळण तोंडाकडे येतं. गाल टेकायचा उंचवटाही डाव्या अंगाला होता, म्हणजे उजव्या माणसाच्या गालासाठी. कुणीतरी तयार उजवा दस्ता घेऊन, आतून कोरून, त्यात डावं यंत्र बसवलं होतं. लोखंड डावं आणि लाकूड उजवं. दोन्ही गनवाले लोखंडवाले. लाकूड कुणी बघितलंच नव्हतं.

मला ते लगेच दिसलं त्याचं कारण, मी स्वतः डावखुरा. जेवतो उजव्या हाताने, सही करतो उजव्याने, कारण वडिलांनी तसं शिकवलं, कसं शिकवलं ते सांगत नाही. पण करवत आणि पटाशी डाव्यात.

"बाबा, लकडी उलटा है," मी म्हणालो. "नवा दस्ता करावा लागेल. मी करतो. गावी बंदुकीचे दस्ते केलेत मी."

हे अर्धं खरं. आमच्याकडे रानडुकरांसाठी ठासणीच्या बंदुका असायच्या, त्यांचे मोडलेले दस्ते मी पोरवयात जोडले होते. दोन. बरं, तीन.

बाहेर मालकाने गाडी सुरू केली. मग म्हणाला, "मेस्त्री, बंदूक अच्छा हुआ तो दरवाजा अपना. बंदूक बिगड गया तो..."

"तो?"

"तो आप का टिकट मैं विंडो सीट का निकालेगा."

शुक्रवारी मुलाकडे सांगितलं. नात सात वर्षांची, इंग्लिश शाळेत.

"आजोबा, यू मेक गन्स?"

"गन नाही गं. गनचं लाकूड."

"इज इट फॉर बॅड पीपल?"

"रेड्यांसाठी."

"व्हॉट इज रेडा?"

मुलगा म्हणाला, "बफेलो." मग माझ्याकडे बघून, "बाबा, खरंच? दुसऱ्याची बंदूक, दुसऱ्याचा देश, काही झालं म्हणजे?" मी म्हटलं, लायसन्स त्याचं, लोखंड त्याच्या कपाटात, मी फक्त लाकूड तासतो. सुनेने विचारलं, तुम्हाला पाप नाही वाटत? मी खरं सांगितलं की विचारच केला नाही. त्या बंदुकीने पुढे काय मारलं ते मी बाबाला कधी विचारलं नाही.

काम बाबाच्या शेतावर केलं, अल ऐनच्या रस्त्याला खजुराची बाग होती तिथे. एका शेडमध्ये बाक मांडला, एक पंखा. रोज सकाळी ड्रायव्हर मला आणायचा. बाबा खुर्ची घेऊन समोर बसायचा, बोल्ट खिशात. संध्याकाळी लोखंड घेऊन घरी जायचा आणि लाकूड माझ्याजवळ राहायचं. अक्रोडाचा एकच ठोकळा होता, तुर्कस्तानातला, काळ्या रेघांचा. बाबाने खूप वर्षं जपून ठेवला होता, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. दुसरा ठोकळा नव्हता.

जे लोक हे काम करत नाहीत त्यांना वाटेल की दस्ता म्हणजे हाताला बरी लागेल अशी लाकडी मूठ. तसं नाही. खरं काम आत असतं, जिथे लोखंड बसतं. नळीच्या मागे खाली एक लोखंडी खुंटी असते. बार उडाला की सगळा धक्का ती खुंटी लाकडावर मारते. खुंटी आणि लाकूड यात कागदाएवढी फट राहिली की दहाव्या बाराला मनगटाशी, म्हणजे हात धरतो त्या बारीक जागी, दस्ता चिरतो. म्हणून मी दिव्याची काजळी तेलात कालवली, लोखंडाला फासली, लोखंड लाकडात बसवलं, दाबलं, उचललं. लाकडावर जिथे काळं लागलं तिथे उंच. तेवढंच खरवडायचं. पुन्हा फासायचं, बसवायचं, उचलायचं. दिवसात पन्नास-साठ वेळा. दोन आठवडे मी हेच केलं. बाबा बघत बसायचा आणि कंटाळायचा नाही, याचं मला नवल वाटायचं.

"नज्जार," तो मला सुतार म्हणायचा, "तू पटाशी डाव्या हाताने धरतोस."

"हो."

"आणि जेवतोस उजव्याने."

"तुम्हीपण."

तो हसला. दुपारी एकाच मोठ्या थाळीत भात यायचा, त्याच्या बाजूने तो, माझ्या बाजूने मी. बाबाने सांगितलं की लहानपणी डावा हात थाळीकडे गेला की आई बोटांवर खजुराचा फोक मारायची. मी म्हटलं, आमच्याकडे छडी होती, खजूर नव्हता. मग आम्ही कुठल्या कुठल्या गोष्टी डाव्या हाताने करतो त्याची यादी केली. त्याची छोटी निघाली. बंदूक, आणि उंटाची दोरी. माझी मोठी होती. एवढ्यावर मला दिवसभर बरं वाटलं.

माप मी शेडमध्येच घेतलं. बाबा कंदुऱ्यात उभा, डोक्याला गुत्रा, म्हणजे अरबांचा रुमाल, रोजच्यासारखा. कोपरापासून बोटापर्यंत, खांद्यापासून चापापर्यंत, गालापासून डोळ्यापर्यंत. रिकामी बंदूक खांद्याला लावायला सांगून मी समोरून त्याचा डोळा बघायचो, दुर्बिणीच्या मध्ये येतो का. वळण आता डावीकडे दिलं होतं, गालाचा उंचवटा उजव्या अंगाला. आठ वेळा लावून बघितली. आठही वेळा डोळा मधोमध. मग घासलं, अळशीचं तेल चोळलं, दिवसाआड एक हात, काळ्या रेघा वर आल्या. मी वर्कशॉपमधल्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. इतकं कौतुक मी स्वतःच केलं की दुसऱ्या कुणाला करायला जागा ठेवली नाही.

मे महिन्यात आम्ही शूटिंगच्या मैदानावर गेलो. बाबा, मी, मालकही आला, दरवाजांसाठी. तिथला शिकवणारा माणूस होता, सुदानी, शांत, पूर्वी फौजेत होता. बाबाने अंगात शिकारीचं जाकीट घातलं, डोक्यावर टोपी. बंदूक उचलली आणि ती काखेत अडकली. पुन्हा उचलली, मान वाकडी केली, डोळा दुर्बिणीच्या खाली राहिला. मान वर ताणली. बार झाला. बाबा एक पाऊल मागे गेला आणि त्याने बंदूक खाली ठेवली. गालाला हात लावला. रक्त नव्हतं, पण तो दुसरा बार करायला तयार होईना.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणावं?

"लकडी बरोबर है," मी म्हणालो. "आप का खडा रहना गलत है."

सुदानी माणसाने खाली बघितलं. मालकाचं तोंड पांढरं झालं. बाबाने बंदूक पेटीत घातली, पेटी बंद केली आणि गाडीत जाऊन बसला.

 परत आल्यावर वर्कशॉपच्या दारात गाडी थांबवून मालक म्हणाला, "चालीस साल से वो शिकार करता है, मेस्त्री. आप ने उस को खडा रहना सिखाया." मी उतरलो. त्याने दार माझ्या मागे आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

 तिसऱ्या दिवशी टॅक्सी करून स्वतः शेतावर गेलो. माफी मागायला गेलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी माझं खरं करायला गेलो होतो.

बाबा खजुराखाली बसला होता. मला बघून उठला नाही, पण चहा मागवला. मी म्हटलं, एकदा बंदूक लावून दाखवा. त्याने आणली, बोल्ट काढला, उभा राहिला, खांद्याला लावली. डोळा मधोमध.

"बघा," मी म्हणालो.

"यहाँ बैठता है," बाबा म्हणाला. "वहाँ नहीं बैठता. मैं भी वही, बंदूक भी वही."

"मग तिकडे वेगळं काय होतं?"

 बाबाने बंदूक खाली ठेवली, आत गेला आणि बाहेर आला तो जाकीट घालून, टोपी घालून. जाकिटाच्या डाव्या खांद्यावर रबराची जाड गादी शिवलेली. बंदूक उचलली. काखेत अडकली. मान घातली, डोळा खाली.

मी चहाचा पेला खाली ठेवला. शेडमध्ये माप घेताना गुत्र्याच्या दोन घड्या त्याच्या गालावरून जात होत्या, कापड गाल आणि लाकूड यांच्या मध्ये होतं. मी ते कापड धरून माप घेतलं होतं. ते गेल्यावर गाल तेवढा खाली बसला. आणि पातळ कंदुऱ्यावर लांबी धरली होती, वर गादी आल्यावर दस्ता लांब झाला. बावीस वर्षं मी माझ्या हाताखालच्या माणसांना शिव्या दिल्या की माप जिथे दरवाजा बसणार तिथे जाऊन घ्या, ऑफिसात बसून घेऊ नका. आणि मी रेड्यांच्या बंदुकीचं माप माणसाच्या घरच्या कपड्यांवर घेतलं होतं.

"बाबा," मी म्हणालो, "खडा रहना ठीक था."

"मालूम है," बाबा म्हणाला. "चाय पियो."

लांबी कमी करणं सोपं. तीन सूत कापलं, मागचं रबर पुन्हा बसवलं, झालं. उंची वाढवणं कठीण, लाकूड कापता येतं, वाढवता येत नाही. मालक म्हणाला, चामड्याचं कव्हर मिळतं गालासाठी, दोरीने बांध, कुणाला कळणारही नाही. माझी चूक चामड्याखाली झाकून द्यायला मी तयार नव्हतो. तसं बघितलं तर जोड द्यायलाही तयार नव्हतो. माझ्या हातून गेलेल्या कामात ठिगळ नाही, असं मी जन्मभर सांगत आलो होतो. दोन दिवस मी त्या दस्त्यासमोर बसून राहिलो. शेवटी बाकाखालच्या भुशातून त्याच ठोकळ्याचा तुकडा शोधला, रेघा जुळेपर्यंत फिरवून फिरवून बघितला, आणि गालाच्या ज्या उंचवट्याला मी सगळ्यात जास्त पॉलिश केलं होतं तोच पटाशीने उडवला. त्या जागी तुकडा बसवला, चिकटवला, दाबून ठेवला, आणि मग बाबाला जाकीट-टोपी घालून भर उन्हात उभा करून थोडं थोडं उतरवत आणलं. त्याला घाम, मला घाम. ड्रायव्हर शेडच्या सावलीतून म्हणाला, दोन बुढ्ढे मरेंगे इधर. बाबाने त्याला पाणी आणायला पाठवला.

जोड तिरक्या उजेडात दिसतो. हात फिरवला तर लागत नाही.

जून अर्धा संपला होता. कॅम्पात मी कपडे मोजून वेगळे केले होते, काय न्यायचं, काय कुणाला द्यायचं. मुलाने तिकिटाची चौकशीही करून ठेवली होती, मला न सांगता. सुनेने सांगितलं.

पुन्हा मैदानावर गेलो तो बुधवार. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. मालक मागे उभा, हात बगलेत. सुदानी माणसाने बाबाला सांगितलं की गोळी मी भरणार, तुम्ही बघायचं नाही. कधी खरी असेल, कधी रिकामी. खरी आहे की रिकामी हे माहीत नसलं की माणूस डोळा का मिटतो ते कळतं.

पहिल्यांदा भरली. बाबाने नेम धरला, बंदूक खांद्यात नीट बसली, काखेत अडकली नाही. चाप ओढला. टिक. रिकामी होती. पण बाबाचा डोळा मिटला होता आणि नळीचं तोंड चांगलं वीतभर खाली गेलं होतं. सगळ्यांनी बघितलं. दुसऱ्यांदा. टिक. पुन्हा डोळा मिटला, नळी खाली. मी मनात म्हटलं, खलास. लाकूड दुरुस्त झालं, माणूस नाही झाला, आणि माणसाला तासायचं हत्यार माझ्याकडे नाही.

तिसऱ्यांदा खरी होती. जमीन हलल्यासारखा आवाज झाला. मी निशाणाकडे बघतच नव्हतो, मी बाबाच्या गालाकडे बघत होतो. बंदूक सरळ मागे गेली, खांद्यात, आणि गाल लाकडाला चिकटून तिच्याबरोबर मागे गेला. थप्पड नाही. बाबा तसाच उभा राहिला, बंदूक न उतरवता. मग डाव्या हाताने बोल्ट ओढला, मान न हलवता. रिकामं काडतूस खाली पडलं.

"और," तो म्हणाला.

चौथ्यांदाही खरी. पुन्हा तसंच. त्याने भुवईला हात लावला, बोटं बघितली, काही नव्हतं.

पाचव्यांदा सुदानी माणसाने भरली आणि दोन पावलं मागे सरला. बाबाने वेळ घेतला. चाप ओढला. टिक. रिकामी होती. आणि नळी हलली नाही. डोळा उघडा. जणू काही झालंच नाही अशी बंदूक तिथल्या तिथे. सुदानी माणूस माझ्याकडे वळून हसला, पहिल्यांदाच.  मी वाळूच्या पोत्यावर बसलो. मालकाला वाटलं मला ऊन लागलं, त्याने पाण्याची बाटली माझ्या डोक्यावर ओतली.

"अरे, ठीक है, ठीक है," मी म्हणालो, आणि ओला झालो.

बाबाने एकूण सात बार केले. मग मी दस्ता मागून घेतला, मनगटाशी, खुंटीच्या मागे, बोटाने दाबून दाबून बघितलं, ओलं फडकं फिरवलं. चीर असती तर पाणी रेघ दाखवतं. रेघ नव्हती.

बंदूक पेटीत घालताना बाबा मालकाला म्हणाला, "दरवाजे तुम्ही करा. सगळे. पण माप घ्यायला हाच नज्जार आला पाहिजे."

"जी, अरबाब," मालक म्हणाला.

"और दो बार लेना," बाबा माझ्याकडे बघून म्हणाला. "एक कपडे में, एक बिना कपडे."

मालकाला काही कळलं नाही. त्याने इन्शाल्ला म्हणून टाकलं. मी इतका हसलो की डोळ्यात पाणी आलं, आणि ते हसण्याचंच होतं असं मी सगळ्यांना सांगितलं.

परतीच्या वाटेवर मालकाने गाडी टपरीशी थांबवली, दोन कडक चहा मागवले, गाडीतच प्यायलो. तो म्हणाला, "पासपोर्ट और चार फोटो, कल सुबह. मेडिकल छे बजे खुलता है, जल्दी जाओ, लाइन होता है."

"फोटो दो ही है."

"तो निकालो. मेरा मुंह क्या देखते हो."

कॅम्पात येऊन मुलाला फोन लावला. त्याने आधी विचारलं, बाबा, काय झालं, बरं आहे ना? मी म्हटलं, बरं आहे, तिकिटाची चौकशी केलीस ती आता सोड.  

"म्हणजे अजून तीन वर्षं?" तो म्हणाला.

"व्हिसा तीन वर्षांचा असतो. मी किती दिवस राहायचं ते मी बघीन."

"बरं झालं, बाबा," तो म्हणाला. मग, "इकडे आमच्या ऑफिसात कुणी उरलं नाही बोलायला. शुक्रवारी या."

हे मला माहीत नव्हतं, की तो मला गावी पाठवत होता तो स्वतःच्या मनाविरुद्ध. मी येतो म्हटलं आणि फोन ठेवला.  भूक लागली होती, अनेक दिवसांनी. खोलीतल्या दोघांनी केलेली डाळ मी निम्मी संपवली आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पासपोर्ट आणि चार फोटो, दोन रात्रीच काढून आणलेले, खिशात घातले आणि व्हिसाच्या मेडिकल तपासणीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. माझ्या पुढे तिसेक माणसं होती. मी त्यांच्या मागे उभा राहून नंबराची चिठ्ठी घेतली.